१ ऑगस्टचा वाढदिवस आणि घरचीच सजावट: भर पावसात टिकेल असं काय करता येईल?

सुरंगी (८ जुलै)

नमस्कार मंडळी,

आमची लेक १ ऑगस्टला पाच वर्षांची होईल. आम्ही गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉल बारा फूट बाय चौदा, आणि येणारी मुलं चौदा.

यंदा सगळी सजावट घरीच करायची असं ठरवलंय, त्याचं कारण आधी सांगते. गेल्या वर्षी एका सजावटवाल्याला काम दिलं होतं. फुग्यांची कमान, थर्माकोलची अक्षरं आणि छताला लागलेले गॅसचे फुगे. केक कापताना एका फुग्याची दोरी मेणबत्तीकडे आली आणि फुगा भडकला. क्षणाचाच जाळ, पण पुतण्याच्या भुवया आणि पुढचे केस होरपळले. डोळे वाचले ही देवाची कृपा. त्या रात्री मी झोपले नाही. तेव्हाच ठरवलं, आपल्या मुलांच्या डोक्यावर काय टांगलं जातंय ते आपल्याला नीट ठाऊक पाहिजे.

आता यंदाचं. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि १ ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा पाण्यात उतरतात. तिच्या बाबांनी तिला लहानपणापासून सांगून ठेवलंय की तुझ्या वाढदिवसाला समुद्र उघडतो. त्यामुळे तिचा हट्ट एकच: 'आई, घरात समुद्र कर.' मासे हवेत, पण कार्टूनमधले नकोत. बांगडा, इसवण (सुरमई), सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या. ती बाजारात बाबांसोबत जाते, तिला सगळे ओळखू येतात.

अडचण पावसाची. परवा क्रेप कागदाची एक झालर लावून बघितली, सकाळपर्यंत ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि तिचा निळा रंग भिंतीला लागला. डिस्टेंपरवर चिकटपट्टी तर तासभरही धरत नाही. हातात तीन आठवडे आहेत, रोज संध्याकाळचा एक तास. अनुभवी लोकांनी सांगा.

---

तांबडी_माती (८ जुलै)

सुरंगी, पुतण्या आता बरा आहे ना? वाचून अंगावर काटा आला.

मी वाळपईला, इथे पाऊस तुमच्यापेक्षाही जास्त. माझा पहिला नियम असा की जून ते सप्टेंबर भिंतीला काहीही चिकटवायचं नाही. खिडकीचं ग्रिल, पडद्याचा दांडा, दाराची कडी यांच्यामध्ये सुतळी ताणायची आणि सगळं त्या सुतळीवर लटकवायचं. भिंत ओल धरते, सुतळीला त्याचं काही नाही.

दुसरं, पताका कागदाच्या करू नका, कापडाच्या करा. शिंप्याकडे कातरण मागा, पिशवीभर मिळते. तुमची भिंत बारा फुटांची म्हणजे साधारण ३६६ सेंटिमीटर. मधे थोडा झोळ पाहिजे, म्हणून दोरी चार मीटर धरा. पताकेचा पाया १५ सेंटिमीटर आणि दोन पताकांत ५ चं अंतर ठेवलं तर वीस पताका पुरतात. वरच्या कडेला दोन सेंटिमीटर दुमडून धावदोरा घाला आणि त्यातून सुतळी ओवा. शिलाई मशीन नसलं तरी दोन संध्याकाळचं काम आहे, आणि या पताका पुढे दहा वर्षं चालतील. माझ्या मोठ्याच्या बारशाच्या पताका धाकटीच्या सातव्या वाढदिवसालाही लावल्या.

कागदच हवा असेल तर जाड कार्डशीट घ्या आणि रंगवून झाल्यावर त्यावर पांढरी मेणबत्ती घासा. हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी. मेणाचा थर बसला की कागद ओल ओढत नाही. मात्र आधी रंग, मग मेण. उलटं केलं तर रंग धरत नाही.

---

पाळण्याची_दोरी (९ जुलै)

मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते, म्हणून फुग्यांबद्दल मला लिहायलाच हवं.

तरंगणाऱ्या फुग्यात हेलियम असेल तर तो पेट घेत नाही. पण हेलियम महाग. स्वस्तात भरून देतात तो बहुतेक वेळा हायड्रोजन असतो आणि तो ज्योत लागताच भडकतो. बाहेरून दोन्ही फुगे सारखेच दिसतात. त्यामुळे मेणबत्ती जिथे लागणार तिथे तरंगणारा फुगा नकोच, मग विकणारा काहीही सांगो.

साध्या हवेच्या फुग्यांचं भय वेगळं. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालतं, तो रबराचा तुकडा घशात पडद्यासारखा बसतो आणि श्वास कोंडतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती न फुगवलेला फुगा देऊ नये असं सांगतात ते यासाठीच. फुगा फुटला की पहिल्यांदा तुकडे उचला, मग बाकीचं.

आणि ते छोटे एलईडी दिवे, ज्यात चपटी गोल बटणाची बॅटरी असते. ती बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतसुद्धा गंभीर भाजतं. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर तो दिवा घरात आणू नका.

थर्माकोलचं म्हणाल, तर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि प्लास्टिकचे झेंडे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी दुकानांत मिळतात, हे मला फार लागतं.

---

मिरामारचा_बाबा (९ जुलै)

वाचतोय. माझा मुलगा सप्टेंबरातला, त्यामुळे हा धागा सोडणार नाही. सुरंगीताई, करताना फोटो टाकत जा.

---

सुरंगी (११ जुलै)

पुतण्या छान आहे, भुवया परत आल्या. काळजीने विचारलंत, बरं वाटलं.

पाळण्याची_दोरी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. फुगे रद्द.

एक कल्पना सुचली आहे. चवथीला आपण गणपतीच्या वर माटोळी बांधतो ना, लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, तोरंजन, आंबाडे, रानातली फळं बांधून. लेकीला माटोळी फार आवडते, गेल्या चवथीला ती खाली उताणी निजून वर बघत बसायची. तशीच एक चौकट छताजवळ बांधायची आणि तिला मासे, शिंपले, होड्या लटकवायच्या. मुलं खाली बसतील आणि वर समुद्र दिसेल. वाढदिवसाची माटोळी! कसं वाटतं?

---

फोंडेकरीण (११ जुलै)

चौकटीची कल्पना सुरेख आहे. पण एक मनापासून सांगते, रागावू नका. माटोळी हे नुसतं छत नव्हे. तो देवाच्या माथ्यावरचा फळाफुलांचा मान आहे. आमच्याकडे पुरुष मंडळी एकेका वस्तूसाठी रान पालथं घालायची, आता बाजारातून आणतात तरी बांधताना सोवळ्यानेच बांधतात. तिथे बांगडे नि कुर्ल्या लटकवून तिला माटोळी म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

तांबडी_माती (११ जुलै)

मला त्यात वावगं दिसत नाही. मूल जे बघतं तेच खेळात आणतं. आम्ही लहानपणी चिखलाचा गणपती करून गवताची माटोळी बांधायचो आणि आजी कौतुकाने बघायला यायची.

---

फोंडेकरीण (१२ जुलै)

मुलांनी खेळात केलं तर ते गोडच. इथे मोठी माणसं ठरवून करताहेत, एवढाच माझा मुद्दा. चौकट करा, जरूर करा. नाव तेवढं वेगळं द्या.

---

सुरंगी (१२ जुलै)

फोंडेकरीण, रागावले मुळीच नाही. तुमचं वाचून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माटोळी ती चवथीची. तिका दुसरें नांव दी." लेक तिथेच होती. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "जाळं." जाळ्यात मासे असतातच की! तर आता आमच्या घरात जाळं बांधायचं चाललंय. चौकटही जाळीदारच होणार. मलाही हे नाव जास्त आवडलं.

बांबूच्या कामट्या शेजारच्या घरून मिळाल्या. ते दर नाताळात दारात मोठं नक्षत्र (चांदणीच्या आकाराचा कंदील) करतात, त्यातल्या जुन्या कामट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. चार फूट बाय तीन फूट, आडव्या चार, उभ्या पाच, प्रत्येक सांध्याला सुतळीची गाठ. हॉलमध्ये जुन्या झोपाळ्याच्या कड्या आहेत, तिथून टांगणार. शेजारच्या काकांनी एक लहान नक्षत्रही बांधून दिलं, त्याला केशरी पतंगी कागद लावला की तारामासा होतो.

आता मासे कसे करू ते सांगा.

---

काणकोणकार (१३ जुलै)

मासे माझ्याकडे लागले. समुद्रकाठी वाढलो, शाळेत चित्रकला शिकवतो.

पहिली गोष्ट, चित्रावरून काढू नका. एक बांगडा आणा, बंदीतही पारंपरिक होड्यांचे मिळतात. ताटात ठेवा आणि मुलीला पाच मिनिटं नुसता बघू द्या. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक गडद रेघा. मग पाठीच्या खाली बारीक ठिपक्यांची एक ओळ, आणि पोट रुपेरी. शेपटीला किंचित पिवळी झाक. माझ्या वर्गातली मुलं ठिपक्यांची ओळ हमखास विसरतात, पण एकदा दिसली की पुन्हा विसरत नाहीत. इसवण लांबुडकी, तिच्या अंगावर उभे पट्टे. पापलेट म्हणजे जवळजवळ चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. लेक पाच वर्षांची, तिला पापलेटपासून सुरुवात करू द्या.

बांधणी अशी. माशाचा आकार कार्डशीटवर दोनदा कापा. कडेला खळ लावून चिकटवा, पोटाकडे चार बोटं जागा मोकळी सोडा. तिथून वर्तमानपत्राचे चुरगळलेले तुकडे भरा, फार ठासून नको, मग तोंड बंद करा. मासा फुगीर होतो आणि दोऱ्यावर फिरला तरी दोन्ही बाजूंनी मासाच दिसतो. पोटाच्या रुपेरी रंगाला बिस्किटाच्या पुड्याची आतली बाजू उलटी लावा. सुंगटांना शहाळ्याच्या दुकानातली कागदी नळी वापरा, तिरके काप देऊन वाकवली की पाठीचे पेर दिसतात.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा अर्ध्या वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एक वाटी उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा. चकाकी आली की उतरवा. चिमूटभर तुरटी घातली तर दोन दिवस आंबत नाही. पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, ते विष आहे, मुलं हात लावणार तिथे अजिबात नको. आणि या दिवसांत खळ वाळायला पूर्ण दिवस लागतो. मासे एकावर एक रचू नका, सुपात पसरून पंख्याखाली ठेवा.

---

मिरामारचा_बाबा (१३ जुलै)

सर, तुमच्या वर्गात बसावंसं वाटतंय. आमच्याकडे दोघंही नोकरी करतो, हातात जेमतेम दोन संध्याकाळ असतात. त्यात काय होईल?

---

तांबडी_माती (१३ जुलै)

फक्त एक भिंत करा, केक कापाल ती. फोटो तिथेच निघतात, मुलं तिथेच जमतात. दोन संध्याकाळी, एक कापडी पताकांची माळ आणि एक नावाची माळ. बाकी घर आहे तसं राहू द्या.

---

शिरोरेखा (१५ जुलै)

नावाच्या माळेबद्दल मला फार दिवसांपासून सांगायचं होतं. शुभेच्छा देवनागरीत लिहा! इंग्रजीत तेरा अक्षरं कापावी लागतात. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' मोजून बघा, वा-ढ-दि-व-सा-च्या, शु-भे-च्छा. नऊच.

आणि आपली अक्षरं रेघेला लटकतातच. सुतळी हीच शिरोरेखा. अक्षर कापताना वर दोन बोटं पट्टी ठेवा, ती सुतळीवरून मागे दुमडून चिकटवा. सगळी अक्षरं आपोआप एका ओळीत येतात, वाऱ्याने हलतात आणि तरी वाचता येतात.

गोची होते ती 'दि'च्या वेलांटीची आणि 'भे'च्या मात्रेची, कारण ती रेघेच्या वर उभी राहतात आणि कागद मऊ पडला की मान टाकतात. त्यावर उपाय घरातच आहे. झाडूचा एक हिर अक्षराच्या मागे उभा चिकटवा, खालून वर मात्रेच्या टोकापर्यंत. 'च्छा' एकच तुकडा म्हणून कापा, जोडकाम नको. मी पहिल्यांदा अर्धा च वेगळा कापला होता, तो माळेतून फिरून उलटा झाला आणि पाहुणे वाचत राहिले.

---

सुरंगी (१९ जुलै)

शिरोरेखा, नऊही अक्षरं कापून झाली. 'ढ' लेकीने रंगवला, तिला त्याचं पोट आवडलं.

मासे सव्वीस झाले, पण काल संध्याकाळी जाळं टांगून बघितलं तर नवीनच त्रांगडं. पंखा लावला की सगळे दोरे एकमेकांत गुंततात. दहा मिनिटांत मधे एक मोठी गाठ, आणि ती सोडवताना इसवणीची शेपटी फाटली. लेक रडवेली झाली. चौदा मुलं असताना ऑगस्टात पंखा बंद ठेवणं शक्य नाही.

---

काणकोणकार (१९ जुलै)

गळाला शिसं कशाला बांधतात? दोरा सरळ राहावा म्हणून. तुम्ही प्रत्येक दोऱ्याच्या तळाला तिसऱ्यांचे दोन शिंपले बांधा. दोऱ्यांची लांबी कमी-जास्त ठेवा, शेजारचे दोन मासे एका उंचीवर नकोत. आणि जाळं पंख्यापासून दूर, कोपऱ्यात न्या.

शिंपल्याला भोक पाडायला खिळा नको, फुटतो. शिंपल्याचा जो फुगीर उंचवटा असतो, सांध्याजवळचा, तो ओल्या खडबडीत दगडावर घासा. जांभा दगड उत्तम. पन्नास-साठ वेळा घासलं की तिथे आपोआप गोल भोक पडतं. धार राहत नाही आणि पाच वर्षांच्या हाताला जमतं. त्याआधी शिंपले उकळून, ब्रशने घासून दोन दिवस वाळवा, नाहीतर वाढदिवसाला घरभर वास.

---

सुरंगी (२२ जुलै)

जमलं! ती बाल्कनीत पाट घेऊन बसते, मधे जांभ्याचा तुकडा, बाजूला पाण्याची वाटी. करकर करकर घासते, शिंपला डोळ्याला लावून बघते, प्रकाश दिसला की ओरडते, "उघडलं!" मग बोटावर साचलेली पांढरी भुकटी मला दाखवायला येते. बावन्न शिंपल्यांपैकी एकतीस तिने केले. सासूबाईही सोबत बसतात आणि लहानपणी याचेच हार करायचो म्हणतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

---

फोंडेकरीण (२३ जुलै)

वाचून डोळे भरून आले, सुरंगी.

माझ्याकडूनही एक घ्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन असायचे, आठवतात? त्यांतून उजेड दुधाळ यायचा. तशी खिडकी बटर पेपरने करता येते. खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट, आत बोटभर रुंदीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या, मागून बटर पेपर. बटर पेपर ओलीला दाद देत नाही. मागे ट्यूबलाइट येईल असं ठेवा, कागदाला दिवा टेकू देऊ नका. खरे शिंपले मात्र शोधायला जाऊ नका. चिखलीच्या खाडीत ते अजून आहेत, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आणि मुलांना परत जाताना प्लास्टिकची टोपी देण्यापेक्षा फणसाच्या पानांचे मुकुट करायला लावा. सांजावला (जूनमधला सेंट जॉनचा सण) लोक कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालतात, मुलांना तेही ठाऊक असतं. एका मुकुटाला आठ-नऊ पानं. एक पान दुसऱ्यावर चढवायचं आणि हिराच्या तुकड्याने टाचायचं. पानं आदल्या दिवशी तोडा म्हणजे देठाचा चीक वाळून जातो. हाताला लागलाच तर खोबरेल तेल. हिराचं टोक बाहेरच्या बाजूला राहील असं बघा, कपाळाला टोचायला नको.

---

पाळण्याची_दोरी (२३ जुलै)

हिर मोठ्यांनीच टोचावेत, पानं मुलांनी लावावीत. चौदा मुलं असतील तर तीन मोठी माणसं खाली बसवा.

---

सुरंगी (३ ऑगस्ट)

झाला वाढदिवस! दोन दिवस आवरण्यात गेले म्हणून उशीर.

दुपारपासून धो धो पाऊस, चारला वीज गेली. हॉलमध्ये अंधार आणि चौदा मुलं. फोंडेकरीण, तुमची खिडकी मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे ट्यूबलाइटसमोर न ठेवता बाल्कनीच्या दारात उभी केली होती, जागा तिथेच होती. तर बाहेरचा पावसाळी उजेड त्यातून आत आला आणि शिंपल्यांवर पडला. मुलं एकदम गप्प झाली. मग पहिल्यांदा एकाने विचारलं, "ह्यो बांगडो खरो?" आणि सगळी उताणी निजून मासे ओळखायला लागली. केकला मेणबत्ती लावली तेव्हा वर एकही फुगा नव्हता. पुतण्या अगदी पुढे उभा होता.

पडलं काय ते प्रामाणिकपणे सांगते. तारामाशाचा पतंगी कागद एका बाजूने सुटला, त्याला मेण लावायला विसरले. मुकुटांना अर्ध्या तासाऐवजी तास लागला, पण वीज नसल्याने बरंच झालं. पानं दोन मुकुटांना कमी पडली, मग बदामाच्या झाडाची जोडली. कापडी पताका आणि नऊ अक्षरं तशीच ताठ आहेत, मात्रेसह.

जाताना प्रत्येकाला जाळ्यातला एक मासा द्यायचा हे लेकीने आदल्या रात्री ठरवलं. कात्री माझ्या हातात, आणि कोणाला कोणता ते ती सांगत होती. पुतण्याला इसवण दिली, शेपटी जोडलेली तीच. उरलेले बारा मासे अजून वर आहेत. ती काढू देत नाही.

एकच प्रश्न उरलाय. चवथ येईपर्यंत जाळं सोडवून कामट्या ठेवायच्या आहेत. भुंगा लागू नये म्हणून काय करता?

---

तांबडी_माती (३ ऑगस्ट)

ऊन पडेल त्या दिवशी खणखणीत वाळवा, कडू लिंबाचं तेल पुसा आणि माळ्यावर आडव्या टांगून ठेवा, जमिनीला टेकवू नका. शिंपले बरणीत. फोटो कुठे आहेत?

---

सुरंगी (४ ऑगस्ट)

मुलांचे चेहरे न दिसतील असे निवडून आज रात्री टाकते. पहिला शिंपल्यांचाच टाकेन.